कापलेला कोपरा

"कोपरा नाई कापला," भुरीबाई म्हणाली आणि औषधाची बाटली तिनं माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. "पाजू का नको, तेवढं सांग सूनबाई. पोरगी खोकलून खोकलून निळी पडून राह्यली."

दुपारचे दोन वाजले असतील. जिजा, माझी सात महिन्यांची मुलगी, नुकती झोपली होती आणि मी तिच्या पोटाकडे पाहत बसले होते. पोट वर येतं, खाली जातं. हे पाहत बसायची मला सवय लागली आहे. ती कशी लागली ते पुढं येईलच. भुरीबाई काय म्हणते ते मला आधी समजलंच नाही. झोप पुरी न झालेल्या माणसाला सगळंच जरा उशिरा समजतं.

भुरीबाई आमच्या बागायतीत कामाला येते. वांगी तोडते, मेथीच्या जुड्या बांधते. तिची लेक दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाते आणि लेकीची पाच महिन्यांची पोर दिवसभर भुरीबाईच्या पाठीवर असते. त्या दिवशीही होती. फडक्यात बांधलेली, डोकं एका बाजूला कललेलं.

"कशाचा कोपरा?" मी विचारलं.

"ह्या पट्टीचा. हे पाह्य ना. नव्या कंपाउंडरनं देल्ली बाटली. बाई असत्या तं कोपरा कापून देल्ला असता."

दवाखान्याच्या बाटलीला कागदाची पट्टी असते, ती सगळ्यांना ठाऊक आहे. कागदाची घडी घालून कात्रीनं कडेला खाचा पाडायच्या आणि पट्टी बाभळीच्या डिंकानं बाटलीला उभी चिकटवायची. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. वाचता येत नसलं तरी खाच दिसते. पण पट्टीच्या कोपऱ्याला काही अर्थ असतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"गोळीवालं लेकरू असलं," भुरीबाईनं आवाज खाली आणला, "तं बाई वरचा कोपरा कापत. मंग त्या बाटलीत ते झोपेचं औषद नसे. गोळी नसन, तं कोपरा साबूत. माह्या घरी एकदा दोन लेकरं खोकलत होती, एक अंगावरचं, एक मोठं. दोन बाटल्या. बोट फिरवलं का समजे कोणती कोणाची. तुले ठाऊक नाई?"

"नाही."

"कमाल आहे. वावरातल्या साऱ्या बायांले ठाऊक आहे."

मी उठले. देवळीत कंगव्यामागं जिजाची कार्तिकातली रिकामी बाटली होती. लढाईमुळं बाटल्या मिळत नाहीत, म्हणून जपून ठेवलेली. मी ती उजेडात धरली.

वरचा कोपरा कापलेला होता. तिरका, स्वच्छ, एकाच कात्रीत.

मी खाली बसले. भुरीबाई माझ्याकडं पाहत होती, मग तिनं बाटलीकडं पाहिलं आणि एकदम म्हणाली, "मी नाई सांगतलं हो बाईले. जिजाची शप्पत."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

*

बाई म्हणजे माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांना जाऊन त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते. मेडशीहून वाशीमजवळच्या मालेगावकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर आमचं गाव आहे. गावच्या दवाखान्यात त्या बावीस वर्षं कंपाउंडर होत्या. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येत. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे आत्याबाईच.

त्या रिठदच्या. अक्षरओळख नव्हती, बाराव्या वर्षी लग्न होऊन इथं आल्या. मानमोडीच्या, त्या मोठ्या तापाच्या साथीत त्यांची पहिली दोन मुलं एका आठवड्यात गेली. तेव्हा गावाबाहेर लिंबाखाली सरकारी डॉक्टरांचा तंबू पडला होता. दुसऱ्या मुलाला माती देऊन आत्याबाई तिथं गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "तुमी देल्लं ते मी पाजलं. ते काय होतं, एवढं मले सांगा." डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हाला समजायचं नाही." "मंग समजंल असं सांगा," म्हणून त्या तिथंच बसून राहिल्या. दोन दिवसांनी डॉक्टरांनी त्यांना बाटल्या धुवायला लावल्या. तिथून सुरुवात. अक्षरं शिकल्या, मापं शिकल्या, पुढं अकोल्याला जाऊन परीक्षा दिली. मामाजी, म्हणजे माझे सासरे उकंडराव, त्यांना बैलगाडीनं परीक्षेला घेऊन गेले होते. लोक विचारत, "कुठं निघाला?" तर ते सांगत, "वांगे विकाले." गाडीत वांगी नव्हती.

हे मला मामाजींनी सांगितलं. आत्याबाई स्वतःबद्दल बोलायच्या नाहीत, बोलायला वेळही नव्हता. पहाटे भाकरी, मग बाजाराच्या टोपल्या, कोवळी वांगी वर आणि जून खाली असला लबाडपणा त्यांना चालत नसे, मग आठ वाजता दवाखाना. संध्याकाळी येऊन पुन्हा चूल. हाताला मेथीचा आणि कापराचा मिसळून वास. घरात त्यांची एकच थट्टा चालायची. वरण वाढलं की मामाजी वाटी कानाशी नेऊन हलवत आणि विचारत, "हालवून घ्याचं का जेवणाआधी? का जेवणानंतर?" आत्याबाई म्हणत, "तुमाले दोन खाचा बस झाल्या. तिसरी मांगू नका."

दवाखान्यातून आल्या की उंबऱ्यावर पाय पसरून बसत. "जरा टेकू दे." तेवढंच. पाच मिनिटं. मला त्या पाच मिनिटांचा राग यायचा, कारण तेवढ्यात जिजा रडायची आणि त्या डोळे मिटून बसलेल्या असायच्या. मी दिवसभर एकटीच तिला सांभाळलेलं असायचं. आता मीही तशीच बसते.

मी अमरावतीच्या कॉलेजात दोन वर्षं काढली आहेत. माझ्या वडिलांना त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर मलाही. लग्न झालं तेव्हा हे, म्हणजे रामकिसन, अकोल्याला नोकरीला लागले होते. तिथं बिऱ्हाडाला जागा मिळेना, म्हणून मी इथं. शनिवारी कोळशाच्या गॅसवरची मोटार चालली तर हे येतात, नाही चालली तर पत्र येतं.

जिजा आषाढातली. अश्विनात ती रोज सकाळी रडायला लागली. पाय पोटाशी घेऊन, श्वास अडकेपर्यंत. ओवा झाला, हिंग झाला, डॉक्टर झाले. डॉक्टर म्हणाले, वाढतं मूल आहे, रडणारच. तीन आठवडे मी धड झोपले नाही. भिंतीला टेकून उभी असताना डोळा लागायचा. एका सकाळी जिजा हातातून निसटता निसटता राहिली. माझीच पकड सुटली होती. बागायतीतून भुरीबाई आली, तिनं जिजाला घेतलं आणि पदराच्या गाठीतून काहीतरी काढलं. मोहरीएवढी काळी गोळी.

"आमी साऱ्या देतो. त्याबिगर वावरात जाऊच शकत नाई. दुधात उगाळ. झोपन लेकरू, तूही झोप."

अफू. मला ठाऊक होतं. कॉलेजात असताना आम्ही मुलींनी एकदा वस्तीत जाऊन याच गोष्टीवर बायांना उपदेश केला होता. मी पांढरी साडी नेसून बोलले होते.

मी गोळी उगाळली. जिजा झोपली, मीही झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अशा अकरा सकाळी. आत्याबाई दवाखान्यात असताना.

मग तिला खोकला झाला.

आत्याबाईंची एक पद्धत होती, ती मी दवाखान्यात बसून पाहिली होती. खोकल्याच्या मिश्रणात अफूचा अर्क असतो. घरी गोळी चालू असेल आणि वर हे औषध गेलं तर लहान मूल झोपतं ते उठत नाही. "गोळी देता का?" असं विचारलं तर कुणीही हो म्हणत नाही. म्हणून आत्याबाई बाटली धुता धुता, मान वर न करता, साधंच विचारल्यासारखं विचारत, "गोळी सकाळी देतं का संध्याकाळी?" आणि बाई बोलून जायची, "सकाळी." आत्याबाई रागावत नसत, उपदेश करत नसत, रजिस्टरात लिहीत नसत. "नाव लिहिलं का ते बाई दुसऱ्यांदा येत नाई," मला एकदा म्हणाल्या होत्या. "आन आली नाई तं लेकराचं काय?" जुन्या डॉक्टरांनी त्यांना तोंडी परवानगी दिली होती, अशा मुलांच्या मिश्रणात अर्क घालायचा नाही. हे मला माहीत होतं. कोपऱ्याचं माहीत नव्हतं. कोपरा वाचता न येणाऱ्यांसाठी होता, मला कोण सांगणार?

तर जिजाला खोकला झाला त्या संध्याकाळी आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. भाकरी उलटवत, मान वर न करता, त्यांनी मला विचारलं, "गोळी सकाळी देतं का संध्याकाळी?"

मला पद्धत ठाऊक होती. म्हणून मी फसले नाही.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मी शिकलेली आहे. मला हे विचारता?"

त्यांनी भाकरी तव्यावरून काढली. "चुकलं माह्यं. शिकेल माणसाले इचारू नये."

मग हात धुतले, जिजाला उचललं आणि दारात नेऊन उजेडात तिचा चेहरा पाहिला. डोळ्यांची पापणी बोटानं जराशी वर केली; अफूनं बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, नातीचं कौतुक चाललंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बाटली आणून दिली. "हालवून पाज," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या सकाळी मी गोळी दिली आणि डोसही दिला.

का, ते मी अजून स्वतःला नीट सांगू शकत नाही. गोळीशिवाय ती रडेल याची भीती होती. आणि औषध दिलं नाही तर आत्याबाई खाच मोजतील, याचीही. जिजा झोपली. दहा वाजले, अकरा वाजले. ती हलेना. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले. वर, खाली. मध्ये एवढा वेळ जायचा की माझाच श्वास थांबायचा. दवाखान्यात धावत जावं तर काय सांगायचं? मी शिकलेली होते ना. बारा वाजता दारात आत्याबाई उभ्या. "अडकित्ता इसरला," म्हणाल्या. आत आल्या, जिजाजवळ वाकल्या, तिच्या तळपायाला चिमटा काढला. जिजा रडली. आत्याबाई अडकित्ता घेऊन गेल्या.

त्यानंतर मी गोळी दिली नाही. दैवानं वाचली, असं मी कितीतरी वेळा मनाशी म्हटलं. पण त्या दिवसापासून आत्याबाई रोज दुपारी घरी येऊ लागल्या. कधी चष्मा विसरायच्या, कधी किल्ली, कधी नुसतंच "पाणी प्याले आली." दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, उन्हातून जाऊन येऊन पाऊण तास. मला वाटायचं, माझ्यावर लक्ष ठेवतात. मी तोंड फिरवून बसायची. महिनाभर त्या अशा येत राहिल्या. मग पौषात त्यांना ताप आला, छातीत कफ झाला आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या. शेवटच्या दिवशीही त्यांनी मामाजींना विचारलं, दवाखान्याचं कुलूप नीट लागलं का.

*

"पाजू का नको?" भुरीबाईनं पुन्हा विचारलं.

"पाजू नका. आज गोळी दिली?"

"सकाळी देल्ली ना. तिची माय वावरात जाते."

"आता पोरीला देऊ नका काही. जाग येत राहू द्या."

"आन खोकल्याले? हळद चाटवू? चार दिस चाटवली." मला वाटलं ती चिडली. चिडलेली नव्हती, घाबरली होती. "तू बाईची सून आहे. तू सांग."

मी जिजाला उचललं. ती झोपेतून उठल्यामुळं किरकिरायला लागली. तिला एकटीला ठेवून कुठं जाणं मला जमत नाही. एका हातात जिजा, दुसऱ्यात दोन बाटल्या, मागं भुरीबाई.

"मी आत येनार नाई सांगून ठेवते," वाटेत ती म्हणाली. "त्या माणसापुढं मी गोळीचं नाव घेनार नाई. तो पाटलाले सांगन, पाटील जावयाले सांगन, जावई पोरीले मारन."

नवे कंपाउंडर जानराव वाशीमहून आले होते. आत्याबाई गेल्यावर आठ-दहा दिवसांतच. नीटनेटका माणूस. कोट घालून बसतात, कपाळाला आठ्या. ओसरीत सात-आठ बाया बाटल्या घेऊन बसल्या होत्या. भुरीबाई त्यांच्या मागं, खांबाच्या आडोशाला बसली.

"मी मनकर्णाबाईंची सून," मी सांगितलं.

"ओळखलं. पोरीला काय झालं?"

"हिला काही नाही. ही बाटली सकाळी तुम्ही दिली. ती बदलून हवी. अर्काशिवाय."

त्यांनी बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली. "डॉक्टरसाहेबांनी लिहून दिलं तसंच केलंय. मापानं. काय बिघडलं?"

"ही बाटली ज्या मुलाची, त्याला घरी गोळी देतात."

"नाही देत. मी विचारलं होतं. प्रत्येकीला स्पष्ट विचारतो, अफू देता का म्हणून. एवढ्या दिवसांत एकीनंही हो म्हटलं नाही."

ओसरीतून कुणीतरी हसलं. "नवरा असल्यासारखं इचारतेत," एक आवाज आला, "मंग कोण हो म्हनन?"

जानरावांचे कान लाल झाले. ते मला म्हणाले, "मग तुमच्या सासूबाईंना बऱ्या सांगत होत्या?"

"त्यांना सांगत होत्या. त्या अशा मुलांना वेगळं मिश्रण द्यायच्या. पट्टीचा कोपरा कापून."

जानरावांनी कपाटातून रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. आत्याबाईंचं अक्षर मला लांबूनच ओळखू आलं. मोठं, गोल, उशिरा शिकलेल्या माणसाचं.

"यात कुठं लिहिलंय?" ते म्हणाले. "सगळ्यांना एकच मिश्रण. आणि ऐका, आता निघालंच आहे तर सांगतो. मी चार्ज घेतला तेव्हा अर्काच्या शिशीत हवा त्याहून जास्त अर्क निघाला. पुष्कळ जास्त. म्हणजे काय? औषध पातळ करून देत होत्या. मी बोललो नाही. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं. पण शुक्रवारी डॉक्टरसाहेब येतील, त्यांना सांगावं लागणार."

ओसरीतल्या बाया पुढं सरकल्या. बावीस वर्षं ज्यांनी आत्याबाईंच्या हातचं औषध पाजलं त्या सगळ्या ऐकत होत्या.

"त्यांनी पातळ नाही केलं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्या बाईचा वाटला. "जो अर्क उरला तो गोळीवाल्या मुलांच्या वाट्याचा."

"तसं असेल तर एक नाव सांगा. एकच. रजिस्टरात बघू आणि डॉक्टरसाहेबांपुढं ठेवू. नुसत्या सांगण्यावर मी मिश्रण बदलू शकत नाही. उद्या खोकल्यानं पोर गेलं तर मलाच धरतील."

त्यांचं चूक नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी ओसरीकडं पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. भुरीबाईनं पदर तोंडाशी धरलेला. तिची नात खोकली, एक लांब शिट्टीसारखा श्वास आत ओढला, आणि पुन्हा मान टाकली. भुरीबाईचं नाव घ्यावं तर तिचा जावई लेकीला मारणार होता. "सासूबाईंनी मला सांगून ठेवलं होतं," असं म्हणायचं अगदी ओठावर आलं. सभ्य खोटं होतं. पण त्यांना नाव हवं होतं. आणि मी एकदा खोटं बोलून पाहिलं होतं.

"लिहा," मी म्हणाले. "जिजा रामकिसन. कार्तिकातलं पान काढा."

त्यांनी पानं उलटली. बोट थांबलं. "ही तर..." त्यांनी माझ्या कडेवरच्या पोरीकडं पाहिलं.

"हीच. गोळी मी देत होते." मी देवळीतली बाटली टेबलावर ठेवली. "सकाळी."

बाहेर कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. जिजानं जानरावांच्या दौतीकडं हात लांबवला आणि मी तो धरून ठेवला.

"कॉलेजात शिकलेल्या आहात ना तुम्ही?" जानराव हळूच म्हणाले. टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"म्हणूनच सांगितलं नाही. त्यांनी विचारलं होतं, बाटली धुताना सगळ्यांना विचारत तसंच, मान खाली घालून, 'गोळी सकाळी देतं का संध्याकाळी?' मी खोटं बोलले. तरी त्यांनी कोपरा कापला."

त्यांनी बाटली खिडकीकडं धरली. कोपऱ्यावर अंगठा फिरवला. मग भुरीबाईच्या बाटलीचं बूच काढलं आणि औषध मोरीत ओतलं. बाटली धुतली. नवं मिश्रण करताना त्यांनी अर्काच्या शिशीला हात लावला नाही, आणि मी पाहत आहे हे त्यांना दिसावं म्हणून शिशी कपाटातच ठेवली. "डॉक्टरसाहेबांना शुक्रवारी विचारतो," ते म्हणाले. "तोवर लहान मुलांना असंच देईन." पट्टीची घडी घातली, खाचा पाडल्या आणि कात्री हातात धरून थांबले.

"कोणता कोपरा?"

मी बाटलीकडं पाहायला वळले, तोवर मागून आवाज आला.

"उजवा." भुरीबाई दारात उभी होती. मग एक पाय आत टाकला, मग दुसरा. "उजवा, वरचा. तिरपा कापा. लई नाई, नखाएवढा."

त्यांनी कापला. पहिल्यांदा जरा जास्तच कापला गेला. भुरीबाई म्हणाली, "चालते."

मग त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली. तिच्या कडेला वर्षाचं मूल होतं. जानरावांनी तिची बाटली घेतली, धुवायला लागले आणि मान खाली घालून, शिकवल्यासारखं विचारलं, "गोळी सकाळी देता का संध्याकाळी?"

ओसरी खो खो हसली. "आता काय कामाचं!" ती बाई म्हणाली. "आता साऱ्यांले समजलं ना भाऊ, आता कोण फसते?" हसता हसताच तिनं मुलाचं नाक पुसलं. मग मागं न पाहता म्हणाली, "इचारू नका. कापा कोपरा."

*

घरी येताना भुरीबाई बाटली पदरात धरून पुढं चालली. आमच्या दाराशी आली तेव्हा म्हणाली, "सांज होईस्तोवर गाव भरन आता."

"होय."

"उकंडरावले तू आंधी सांग. दुसऱ्याकून कळू देऊ नको." आणि गेली. तिची नात आठ दिवस खोकली. मग बरी झाली.

मामाजी बागायतीतून आले, हातपाय धुतले आणि उंबऱ्याच्या आत बसले. आत्याबाई गेल्यापासून उंबऱ्यावर कुणी बसलं नव्हतं. मी त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. गोळी, अकरा सकाळी, खोटं, कोपरा, जानराव. मला वाटलं ते उठून जातील. ते चहा पीत राहिले. जिजा त्यांच्या धोतराचं टोक चोखत होती.

"रामकिसनले मी लिहू का तू लिहितं?" त्यांनी विचारलं.

"मी लिहिते."

मग मी म्हणाले, "मामाजी, आत्याबाई रोज दुपारी काही ना काही विसरायच्या आणि परत यायच्या. त्या महिन्यात. उन्हातून. तेवढं चालणं नसतं तर..."

"इसरत?" मामाजींनी कप खाली ठेवला. "मनकर्णा? तीस वर्सांत भाजीत मिठाचा खडा इसरली नाई ते." ते जिजाकडं पाहत राहिले. "मलेही वाटे, घडीघडी घरी काहून येते. इचारलं तं म्हणे, पाय मोकळे करते."

त्यांनी धोतराचं टोक जिजाच्या तोंडातून सोडवलं आणि तिला माझ्याकडं दिलं. मी तिला घेऊन उठले आणि उंबऱ्यापर्यंत आले. मग पाय पुढं जाईनात, म्हणून तिथंच बसले, पाय पसरून. परत आणलेली कार्तिकातली बाटली माझ्या ओच्यात होती. पट्टी सुटायला आली होती. आत्याबाई जुनी पट्टी कधी राहू देत नसत, नव्या औषधाआधी खरवडून काढत.

मी ती काढली नाही. जिजा मांडीवर झोपली. पोट वर आलं, खाली गेलं. आतून मामाजींनी विचारलं, "पोरगी झोपली का?"

"झोपली."

"मंग तूही जरा टेक," ते म्हणाले. "मी आहो जागा."